‘अँटिगनी’ आजच्या काळात: पाच नट, ८० मिनिटं. कोरस, शिक्षा आणि शेवटचा भाग कसा सोडवायचा?

रंगावृत्ती८०

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ची आजच्या काळातली रंगावृत्ती लिहितो आहे. पाच नट (दोन स्त्रिया, तीन पुरुष), मध्यंतर नाही, ८० मिनिटं, प्रेक्षक तीन बाजूंना. देशाला नाव नाही. यादवी काल रात्री संपली, दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले, त्यांच्या मामाच्या, क्रेऑनच्या, हाती सत्ता येऊन काही तास झालेत. बंडखोर भावाचं प्रेत पुरायला त्याने बंदी केली आहे आणि बहीण अँटिगनी ती मोडते. इथवर मूळ सांगाडा जसाच्या तसा बसतो. पुढे अडतं.

कोरसच्या (गाणाऱ्या, भाष्य करणाऱ्या समूहाच्या) जागी वृत्तवाहिनीचे अँकर आणि मोबाइलवर प्रतिक्रिया टाकणारे नागरिक घेतलेत. वाचनात ते प्रवेश पोकळ वाटतात. अँटिगनीला जिवंत चिणण्याची शिक्षा आज पटणार नाही म्हणून फाशी केली, तर हेमॉन (क्रेऑनचा मुलगा, तिचा वाग्दत्त वर) गुहेत पोचतो तो सगळा शेवटच कोसळतो. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस आला की हशा पिकतो. प्रेतावर पहारा आहे म्हणजे कॅमेरे असणारच. मग पहिल्यांदा माती कुणी टाकली हे गूढ टिकणार कसं? आणि सगळ्यात मोठी अडचण: अँटिगनी गेली की नाटक बसतं. तिला शेवटी परत आणावं का?

नेमकं सांगा. ‘कालातीत आहे, होऊन जाईल’ असली उत्तरं नकोत.

विंगेतून

अँकर काढा. मूळचा कोरस ही जनता नाहीच. ते थेब शहराचे वृद्ध आहेत, आणि क्रेऑनने त्यांना इतरांतून निवडून, निरोप धाडून बोलावलं आहे, कारण ते राजघराण्याशी कायम एकनिष्ठ राहिले (१६४ ते १६९ या ओळी पाहा). म्हणजे आतली माणसं. जनतेचं मत नीट कळतं ते हेमॉनच्या तोंडून, ६९०च्या पुढे: लोक तुमच्यासमोर बोलायला घाबरतात, पण अंधारात त्या मुलीसाठी हळहळतात. तुम्ही नागरिक आणि वाहिन्या आधीच बोलत्या केल्यात, की हेमॉनकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. त्याचा प्रवेश मग नुसता बाप-लेकाचं भांडण होऊन बसतो. तुमचा कोरस पोकळ वाटतो त्याचं मूळ तिथे असावं.

कोरसला क्रेऑनचं सल्लागार मंडळ करा. एक टेबल, तीन खुर्च्या, तिघेही नव्या साहेबाचा अंदाज घेत बसलेले. त्यांचा उतार मूळ संहितेतच आखून दिलेला आहे. सुरुवातीला ‘मेलेल्यांवर काय, जिवंतांवर काय, कायदा करायचा अधिकार तुमचा’ (२१३-२१४). पहारेकऱ्याची बातमी ऐकल्यावर हळूच एक शंका: हे देवांचं तर काम नसेल? (२७८). हेमॉनच्या वेळी ‘दोघांचंही बरोबर आहे’ (७२४), ही भित्र्या सल्लागाराची जगभरातली आवडती जागा. आणि टायरेसियस निघून गेल्यावर एकदम सरळ आज्ञा: जा, मुलीला सोडव (११००). प्रत्येक पायरीला बसण्याची जागा बदला. पहिल्यांदा क्रेऑनच्या बाजूला, शेवटी टेबलाच्या पलीकडे. शब्द न वाढवता काम होतं.

गीतांचं: सहा आहेत, सगळी ठेवू नका. माणसाच्या करामतींवरचं (३३२-३७५) आणि कामदेवतेवरचं छोटं (७८१-८००) ठेवा. पुराणकथांतल्या डॅनाई आणि लायकर्गसच्या दाखल्यांचं गीत आजच्या प्रेक्षकाकडे तळटिपा मागतं, ते सोडा. शेवटचं, डायोनिसस देवाचं, मात्र पूर्ण कापायचा मोह आवरा. क्रेऑन धावत सुटला आहे, सगळ्यांना वाटतंय वेळ गाठली, आणि त्या आनंदावर दूत येतो. ४० सेकंद पुरतात. सल्लागार एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात, कुणी तरी फोनवर ‘सुटली, सुटली’ म्हणतं. तेवढं ठेवलं नाही तर दूताची बातमी सपाट जागेवर पडते.

एकसुरात बोलणं दोन ओळींपलीकडे नेऊ नका. तिसऱ्या ओळीपासून जोडाक्षरं एकमेकांवर चढतात आणि मागच्या रांगेला नुसता गजर ऐकू येतो. ओळी वाटून द्या, शेवटचे तीन-चार शब्दच एकत्र. क्यू श्वासाचा ठेवा: ठरलेल्या एकाने श्वास ऐकू येईल असा घ्यायचा, बाकीच्यांनी त्यावर उचलायचं. हाताच्या किंवा मानेच्या खुणा तीन बाजूंच्या प्रेक्षकांत कुणाला ना कुणाला दिसतातच.

संहितेची_कात्री

कोरसबद्दल वरच्याशी सहमत. बाकीच्या गाठी अशा.

*शिक्षा.* फाशी नकोच. क्रेऑनचा मूळ हुकूम दगडांनी ठेचून मारण्याचा आहे (३६), आणि हेमॉन रागाने निघून गेल्यावर तो बदलतो: निर्जन जागी, खडकातल्या गुहेत, जेमतेम अन्न देऊन कोंडायचं, म्हणजे शहराला हत्येचा दोष लागणार नाही (७७३ ते ७७६). तो बदल हा क्रेऑनच्या स्वभावाचा एक्स-रे आहे. तुमच्या शिक्षेने तीन गोष्टी साधायला हव्यात: ‘आम्ही मारलं नाही’ असं सरकारला म्हणता यावं, ती मागे घेता यावी, आणि तिथे पोचायला वेळ लागावा. वीज-पाणी तोडून सील केलेलं तळघर चालेल, एकांतकोठडी चालेल, दूरची बंद पडलेली चौकी चालेल. फाशीत दुसरी अट मरते, म्हणून तुमचा शेवट कोसळतो.

*कॅमेरे.* आहेत असंच धरा आणि त्यांचा फायदा घ्या. मूळ नाटकात दफन दोनदा होतं. पहिलं कुणी पाहत नाही. दुसऱ्या वेळी भर दुपारी वावटळ उठते, पहारेकरी डोळे मिटून बसतात, धूळ खाली बसल्यावर अँटिगनी समोर दिसते (४१५च्या पुढे). दुसऱ्या वेळचं चित्रीकरण धुळीने भरलेलं असू द्या. पहिल्या वेळी कॅमेरा बंदच होता, आणि तो कुणी बंद ठेवला हे साहेबांना सांगायला कोण जाणार यावर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. चिठ्ठ्या मूळच्याच आहेत (२७५). पहारेकऱ्याची भीती दुप्पट होते आणि त्याचा विनोद जोरकस होतो. हा विनोद पडू देऊ नका: हातचा राखून केलेला पहारेकरी हशा देत नाही, आणि साठलेलं हसू मग पुढे भलत्या ठिकाणी फुटतं. बहुधा टायरेसियसवर.

*टायरेसियस.* त्याचं म्हणणं नीट वाचा. पक्षी आणि कुत्री त्या प्रेताचे लचके आणून वेद्यांवर टाकत आहेत, होम पेटत नाही, शहर आजारी पडलंय आणि कारण तू आहेस (१०१५ ते १०२२). त्यातला देवधर्म बाजूला काढला तरी सार्वजनिक आरोग्याचा अहवाल शिल्लक राहतो. निवृत्त, दृष्टी गेलेला आरोग्यप्रमुख करता येईल. फक्त त्याला नुसता आकडेवाला करू नका. क्रेऑनने आजवर त्याचा सल्ला कधी डावलला नव्हता (९९३) ही ओळ ठेवा, ‘तुला पैसे चारलेत’ हा आरोप ठेवा, आणि शेवटचा शाप, ‘तुझ्या रक्तामासाचं एक प्रेत तुला मोबदल्यात द्यावं लागेल’, साध्या आवाजात, जवळजवळ वैद्यकीय सुरात म्हणवून घ्या. काठी, घोगरा आवाज, धूर यांतलं काहीही आलं की संपलं.

*शेवटचा भाग.* मूळ नाटक १३५३ ओळींचं, अँटिगनी ९४३व्या ओळीला जाते. उरतात ४१०, म्हणजे तीस टक्के. तुमच्या ८० मिनिटांतली २४. तिला परत आणू नका, ना भूत म्हणून, ना आवाज म्हणून. सोफोक्लीसने तिचं प्रेतसुद्धा आणलेलं नाही. हेमॉनचं आणि क्रेऑनची बायको युरिडिसीचं दाखवलंय. ती २४ मिनिटं क्रेऑनची आहेत, आणि ती बसतात याचा अर्थ तुमचा क्रेऑन पहिल्या प्रवेशापासून खलनायक आहे. खलनायकाची पडझड कुणी २४ मिनिटं बघत नाही.

म्हणून दुरुस्ती शेवटी नव्हे, १६२व्या ओळीपासून. त्याचं पहिलं भाषण (मित्रापेक्षा देश मोठा, देशाचं गलबत सरळ चाललं तरच आपण मित्र जोडू शकतो) प्रेक्षकाने मनातल्या मनात टाळ्या द्याव्यात असं लिहा. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थिनीस याने इ.स.पू. ३४३च्या खटल्यात १७५ ते १९० या ओळी राजकारण्याने कसं वागावं याचा दाखला म्हणून वाचायला लावल्या होत्या. म्हणजे जुन्या अथेन्समध्येही ते भाषण दुष्टाचं वाटत नव्हतं. यादवीत पोळलेल्या देशात बंडखोराला सन्मानाने पुरू न देणं हा वाजवी निर्णय वाटला पाहिजे, निदान दहा मिनिटं.

आणि एक कळीची गोष्ट, जी बरीच रूपांतरं हरवतात. ११०० ला कोरस सांगतो: आधी मुलीला बाहेर काढ, मग प्रेत पुर. क्रेऑन उलट करतो. दूताच्या भाषणात ते आहे (११९६ ते १२०५): आधी प्रेताचे उरलेले अवशेष धुतले, जाळले, उंच ढिगारा रचला, नंतर गुहेकडे वळले. तेवढ्या वेळात ती गळफास घेते. दिरंगाई क्रेऑनच्या स्वभावातून आली आहे, दैवातून नाही. आजच्या रूपात: आधी प्रेत ताब्यात देण्याच्या कागदावर सही, कॅमेऱ्यांसमोर सन्मानाने अंत्यविधी, भाषण, आणि मग कोठडीकडे गाडी. हा क्रम प्रेक्षकाला स्पष्ट दिसला तर २४ मिनिटं कमी पडतील. दिग्दर्शक रॉबर्ट आइकच्या ‘ईडिपस’मध्ये (ॲम्स्टरडॅम, २०१८) निवडणुकीच्या रात्री उलटं मोजणारं घड्याळ रंगमंचावर दिसत राहतं; तशी युक्ती इथेही चालेल, पण घड्याळ लावायचं तर टायरेसियस गेल्यावरच लावा. आधीपासून लावलंत तर तासाभरात डोळा सरावतो.

लांबी: संवाद गतीने म्हटले तर मिनिटाला साधारण ११० शब्द धरा, हालचाल आणि विरामांसाठी वर २० टक्के. ८० मिनिटांना सुमारे ७,३०० शब्द. कच्चा खर्डा ९,००० च्या पुढे असेल तर ‘तालमीत वेग वाढवू’ म्हणू नका. वेग वाढत नाही, उच्चार गळतात.

नेपथ्य_खिळेहातोडी

माती दाखवणार असाल तर खरी माती आणू नका. बारीक कण दिव्यांच्या उष्णतेवर तरंगतात, नटांच्या घशात जातात, आणि पुढच्या रांगेला खोकला लागतो. धुऊन, वाळवून, चाळलेली जाड वाळू घ्या. चाळणीतून खाली पडते ती टाका, वर राहते ती वापरा. एका प्रयोगाला दीड किलो खूप झाली. ती सरळ रेषेत पडते आणि पडताना आवाज येतो. दिसण्यासाठी बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून एक दिवा द्या. समोरून उजेड टाकलात तर वाळू दिसतच नाही. खाली कडा असलेला उथळ ट्रे, रंगमंचाच्याच रंगाचा. पहिल्या प्रवेशानंतर उघड्यावर सांडलेली वाळू म्हणजे हेमॉनच्या प्रवेशात कुणाचा तरी पाय घसरणार.

हेमॉनचं प्रेत: संहितेत क्रेऑन मुलाला हातांत घेऊन येतो (१२५७). वयाने मोठा नट साठ-सत्तर किलोचा देह उचलून चार पावलं चालला की प्रेक्षक शोक विसरून त्याच्या पाठीची काळजी करायला लागतात. ग्रीकांकडे प्रेतं बाहेर आणायला चाकांचा मंच होता, एक्किक्लेमा. तुमच्याकडे इस्पितळाची ट्रॉली आहे आणि ती आजच्या काळात शोभते. रबरी चाकं, चारपैकी दोघांना ब्रेक. ब्रेक लावणं ही क्रेऑनच्याच ब्लॉकिंगमधली (ठरवलेल्या हालचालींतली) कृती करा, नाहीतर तो अंगावर कोसळतो त्या क्षणी ट्रॉली प्रेक्षकांत जाते. तीन बाजूंना प्रेक्षक असल्यामुळे ती तिरकी, साधारण ४५ अंशांत थांबवा. आडवी ठेवली तर एका बाजूला फक्त तळवे दिसतात.

प्रेताने श्वास घेणं लपवायला चादर छातीवरून नको, कमरेपर्यंत ओढा आणि सैल, जाड कापडाचा सदरा द्या. ताणलेलं कापड हललं की लगेच कळतं.

रंगावृत्ती८०

अँकर गेले. सल्लागार घेतोय, आणि क्रेऑनचं भाषण नव्याने लिहायला घेतलं. दोन गोष्टी उरल्या. दूताचं भाषण व्हिडिओने दाखवावं का? कोठडीतला कॅमेरा आहेच. आणि पाच जणांत भूमिका कशा वाटू?

विंगेतून

व्हिडिओ नको. ते भाषण बातमी म्हणून लिहिलेलं नाही, समोर युरिडिसी उभी आहे म्हणून लिहिलंय. ती ऐकते आणि एक शब्द न बोलता आत जाते (१२४४), तिच्या गप्प जाण्यानेच कोरस चरकतो. पडदा लावलात की सगळ्यांच्या माना पडद्याकडे, युरिडिसी कुणाला दिसतच नाही, आणि तिचा मृत्यू उपटसुंभ वाटतो. दूताला मध्यभागी उभं करू नका, बाजूला ठेवा. दिवा तिच्यावर. भाषण पन्नासेक ओळींचं आहे, चार मिनिटांच्या आत बसवा.

संहितेची_कात्री

इथे थोडा मतभेद. कोठडीतल्या कॅमेऱ्याचा आवाज, फक्त आवाज, भाषणाच्या मध्यात एकदा, दोन-तीन सेकंद, चालू शकतो. हेमॉनचा हंबरडा क्रेऑनला लांबून ऐकू येतो हे मूळ भाषणातच आहे (१२१४ च्या आसपास). पण चित्र नको, यावर एकमत.

वाटप: क्रेऑन एकाचाच, दुसरं काही देऊ नका. पहारेकरी आणि दूत एकच नट. वाईट बातमी आणणारा तोच माणूस, पहिल्यांदा हसवतो, दुसऱ्यांदा नाही. हेमॉन आणि टायरेसियस एकच: हेमॉन ७६५ ला जातो, टायरेसियस ९८८ ला येतो, मध्ये साधारण १३ मिनिटं मिळतात, आणि १०९० नंतर ट्रॉलीवर झोपायला आणखी आठ-दहा. अँटिगनी आणि युरिडिसी एक. इथे धोका आहे: युरिडिसीचं प्रेत दिसलं की तीच अँटिगनी असं काहींना वाटतं. युरिडिसीच्या कपड्याचा रंग नाटकात दुसऱ्या कुणालाही देऊ नका, आणि तिचं नाव प्रवेशाच्या पहिल्या ओळीत घ्या. अँटिगनीची बहीण इस्मिनी ५८१ नंतर मोकळी असते, ती सल्लागारांतली तिसरी. बाकी दोन खुर्च्या त्या-त्या वेळी मोकळ्या असलेल्या नटांनी भरायच्या. शेवटच्या भागात त्यातली एक रिकामीच राहील. राहू द्या, शोभतं.

विंगेतून

इस्मिनीलाच दूत केलं तर? नाटक तिला मध्येच सोडून देतं, आणि बहिणीचा मृत्यू तिने सांगितला तर दूताच्या भाषणाला घरचं वजन येतं.

संहितेची_कात्री

मोहक आहे, पण मग ती तिथे होती आणि काही करू शकली नाही, हा प्रश्न उभा राहतो. तो सोडवायला तुम्ही नवा प्रवेश लिहाल. शिवाय दूत हा कुणाचाच नातेवाईक नाही म्हणून त्याला नीट सांगता येतं. बहीण नीट सांगेल का? रडेल, आणि तपशील जाईल.

भाषा_आणि_घंटा

उशिरा आलो, तीन गोष्टी.

संबोधनं खर्ड्यातच ठरवा, तालमीवर सोडू नका. हेमॉन क्रेऑनला पूर्ण प्रवेशभर ‘बाबा, तुम्ही’ म्हणतो. प्रवेशाची सुरुवातच ‘मी तुमचाच आहे’ (६३५) अशी आहे. एकओळी सवाल-जवाबात (७३०-७५७) राग कितीही चढला तरी ‘तुम्ही’ सुटू देऊ नका, फक्त ‘बाबा’ गळू द्या. अँटिगनीने मामाला ‘तुम्ही’ म्हणावं की ‘तू’, यात दोन मतं होतील. माझं मत ‘तुम्ही’. उद्धट अँटिगनी स्वस्त वाटते. त्या सवाल-जवाबांत ‘अहो पण’, ‘म्हणजे काय’, ‘हे बघा’ असली भर घालायची नटांना सवय असते. एक घुसलं की ताल गेला. वहीत लाल पेनाने काढा.

अँटिगनीचा शेवटचा विलाप (८०६ पासून) किती ठेवला आहे? ‘ती अचानक रडकी होते’ म्हणून तो कापायची पद्धत पडली आहे. पण तिथेच ती मरायला घाबरते, लग्न न होता जातेय म्हणते, आणि वृद्ध आपली टिंगल करतात असं तिला वाटतं (८३९). तेवढं काढलं की उरते ती घोषणा देणारी मुलगी. तीन मिनिटं तरी ठेवा. ९०४ ते ९२० हा तुकडा, नवरा किंवा मूल असतं तर मी हे केलं नसतं, तो मात्र अवघड आहे. तो कुणीतरी मागून घुसडलेला ठरावा अशी जर्मन कवी गटेची इच्छा होती, पण ॲरिस्टॉटल त्याचा दाखला देतो, म्हणजे तुकडा जुना आहे. नटीला तो तर्क बोलता बोलता सुचतोय असा म्हणता आला तर ठेवा. पाठ केलेला वाटला तर काढा.

तिसरी, कायद्याची. सोफोक्लीसवर कुणाचा हक्क नाही, पण तुम्ही ज्या अनुवादावरून काम करताय त्यावर अनुवादकाचा असू शकतो. आणि फ्रेंच नाटककार झां अनुईच्या १९४४च्या ‘अँटिगनी’तलं काही नकळत आलंय का ते तपासा, कारण वाचलेलं डोक्यात मिसळतं. दाई, विणकाम करत बसणारी युरिडिसी, अँटिगनीने पहारेकऱ्याला सांगून लिहून घेतलेलं हेमॉनसाठीचं पत्र, कुठलं प्रेत कुणाचं ते ओळखताच आलं नाही ही क्रेऑनची कबुली: हे सगळं अनुईचं. त्याच्याकडे टायरेसियस नाहीच. अनुई १९८७ मध्ये वारला, म्हणजे त्याचा हक्क बऱ्याच ठिकाणी अजून चालू आहे.

रंगावृत्ती८०

ओळखता न आलेलं प्रेत खर्ड्यात आहे. काढतो.

भाषा_आणि_घंटा

ते काढलंत की क्रेऑन-अँटिगनी प्रवेशातली दोन-तीन उत्तरं लटकतील, कारण ती त्याच कबुलीवर उभी असणार. ४५० ते ४७० परत उघडा. अलिखित नियमांचं उत्तर तिथेच आहे.